न हलवलेली बाटली

फार मागे एका रानात राहत होती रक्तातले कण मोजणारं एक यंत्र, त्याची रोज परीक्षा घेणारी रक्ताची बाटली आणि पिल्लावर जीव टाकणारी सशीण. बाटलीत कण किती, ते तिच्यावरच लिहिलेलं. यंत्राने रोज सकाळी ते मोजून आपली मोजणी पडताळायची.

एकदा बाटली म्हणाली, "दादा, आधी मला हळूच खालीवर करा. कण तळाशी बसलेत."

"आम्हा मोठ्यांना एवढी सवड कुठली," म्हणत यंत्राने वरचं पातळ पाणीच ओढलं. कण निम्मेच भरले, तेव्हा बाटलीवरच्या आकड्याशी जुळावं म्हणून शहाण्याने आपली मोजणीच दुप्पट करून ठेवली.

तेवढ्यात सशीण फिक्कट पडलेलं पिल्लू घेऊन आली.

त्याच्या रक्ताचा थेंब मोजून यंत्र म्हणालं, "रक्त रगड आहे. औषध कशाला?"

"मग हे उभं का राहत नाही?"

"ते त्याच्या पायांना विचारा."

बाटली म्हणाली, "ताई, मला खालीवर करून या यंत्राला पाजा बघू."

सशिणीने तसं केलं. बाटलीवर लिहिल्याच्या दुप्पट कण यंत्राने सांगितले.

"अगबाई, घटकाभरात मी एवढी धष्टपुष्ट झाले होय," बाटली म्हणाली.

यंत्राने गुपचूप मोजणी सुधारली. पिल्लाचं रक्त आता निम्मंच निघालं. औषध सुरू झालं, कान गुलाबी झाले आणि सशिणीच्या बिळात पुन्हा धुडगूस सुरू झाला.