मधाच्या झाडाखालचं गाणं

सात डोंगर ओलांडले की आठव्याच्या कुशीत एक इवलासा पाडा लागायचा. तिथली माणसं मध काढायची. भाऊ झाडावर चढे आणि बहीण बुंध्याशी उभी राहून जुन्या बोलीत गाई, "माश्यांनो, अर्धं तुमचं, अर्धं आमचं." मग माश्या आपणहून बाजूला सरत.

मनसू चढायचा, त्याची ताई बुलाय गायची. आईबाप नव्हते, दोघंच होती. थंडीत बुलाय तापाने गेली. ती बोली आता पाड्यात तिला एकटीलाच येत होती. मनसू ती कधी शिकलाच नाही. बहिणींचं गाणं पोरगा कशाला शिकेल?

गाणं थांबलं, आणि एका दुपारी जंगलाचा रंग उडू लागला. पिवळी पाखरं धुरासारखी विरली. हिरवं गवत राखेसारखं झालं.

मनसू भेदरून मधाच्या झाडाकडे पळाला. ढोलीत मधाच्या थेंबाएवढी परी बसली होती, सोनेरी पंखांची.

"माझी ताई दे!" तो ओरडला. "आत्ताच्या आत्ता दे!"

"गेलेलं माणूस मला आणता येत नाही रे, बाळा," परी हळूच म्हणाली. "या चिमुकल्या भोपळ्यात तिचं गाणं आहे, ते घे. पण एकट्याने ऐकलंस, तर दर वेळी एक शब्द कायमचा विझेल. इतरांना शिकवलंस, तर जगेल."

मनसूने भोपळा कानाला लावलासुद्धा. ताईचा आवाज! त्याने पुन्हा ऐकलं. पुन्हा ऐकलं.

समोरचे तीन लालभडक पळस एकामागून एक पांढरे पडले. भोपळ्यात ताई अडखळू लागली. ताई दुसऱ्यांदा चालली होती, आणि या वेळी त्याच्याच हाताने.

तो धावत पाड्यात आला. पोरांच्या मधोमध भोपळा ठेवून त्यातल्या आवाजामागून गाऊ लागला.

"अगं बया, मनसू बहीण झाला!" पोरं खिदळली.

"हसा. पण माझ्यामागून म्हणा."

"म्हटलं तर काय देशील?" सहा वर्षांच्या रुनकीने विचारलं.

"मध."

"मग म्हणते. पण झाडावर मी चढणार, तू खाली गा!"

रुनकी मधाच्या झाडावर चढली, मनसू बुंध्याशी उभा राहिला. चुकलो तर रुनकीला माश्या फोडून काढतील. तो गायला. पोरं मागून गायली. तीन जागी शब्दच नव्हते; तिथे सारे गप्प राहिले, आणि माश्यांनी गुणगुणून ती जागा भरली. मग त्या बाजूला सरल्या.

गवत हिरवंगार झालं. निळी, पिवळी पाखरं भिरभिरली. ते तीन पळस मात्र पांढरेच राहिले.

"आता भोपळा नको तुला," परी म्हणाली आणि लखलख उजेड होऊन पानापानांत विरून गेली.

मनसूने घाबरून भोपळा कानाला लावला. आत काहीच नव्हतं. पण वर फांदीवर रुनकी गात होती, आणि बुलाय जिथे श्वास घ्यायची, नेमकी तिथेच श्वास घेत होती.