अडलेली ओळ

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा अक्षरं जन्मली नव्हती, आणि राज्याची सगळी आठवण माणसांच्या कंठात राहायची.

कुणाचं शेत कुठवर, पाटाचं पाणी कुणी कधी घ्यायचं, हे राजपाठक सांगायचे. ते मोजकेच होते, राजवाड्यात वाढलेले, तुपावर पोसलेले. त्यांचा खर्च एवढा, की मोठ्या गावांचेच हक्क पाठ व्हायचे. पाटाच्या शेपटाकडची गावं कुणाच्याच कंठात नव्हती. पाण्याऐवजी त्यांना चिखल मिळायचा.

प्रधानाची लेक दूरदेशी शिकून परतली. हे पाहून तिला स्वस्थ बसवेना. बसली की उठायची, उठली की बोलायची.

“महाराज, जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या बायकांना कमी आठवतं का? धनगराला अख्ख्या कळपाची वंशावळ पाठ असते! अशा माणसांना ओळीने बसवू. एकेकाला थोडा थोडा पाठ देऊ, आणि प्रत्येकाचा पाठ त्याच्या पुढच्यालाही शिकवू. एक अडला तर दुसरा आहेच. भाकरीवर काम होईल!”

म्हातारा राजपाठक हसला. “पोरी, तट्टू बाजाराला बरं. रथाला जुंपू नये.”

राजा म्हणाला, “पाट सोडायच्या दिवशी तुझी ओळ बसव. सूर्य मावळायच्या आत सगळ्या गावांच्या पाण्याचा क्रम अखंड सांगून झाला, तर त्याप्रमाणे पाणी. नाहीतर यंदाचं सगळं पाणी मुखाकडच्या गावांचं.”

तो दिवस उजाडला. बंधारा तुडुंब भरला होता, त्याच्या काठावरच दरबार बसला होता. ओळ भराभर बोलू लागली, आणि प्रधानाची लेक मागे येरझाऱ्या घालू लागली.

मध्येच ओळीतली एक तेलीण थांबली. तिने डोळे मिटले. ओठ हलत होते, शब्द फुटत नव्हता.

“बोल!” कारभारी ओरडला. दरबारचा नियम असा, की गप्प झाला तो पाठक संपला. “गेली ही कामातून. उठवा!”

तिच्या जागी नवा माणूस बसवला. आता पुढच्या विणकराने आपला पाठ सांभाळायचा, वर तेलिणीचा पाठ नव्याला शिकवायचा. दोन्ही ओझ्यांखाली त्याची जीभ अडखळली. त्यानेही डोळे मिटले. त्यालाही उठवलं. नवा माणूस घाबरून पळाला. तेलिणीचा पाठ येणारं ओळीत कुणीच उरलं नाही.

“तट्टू बसलं की हो!” मुखाकडचे लोक खिदळले. “उघडा बंधाऱ्याचं दार!”

प्रधानाची लेक धावत बंधाऱ्याच्या पायऱ्यांवर गेली. तिथे तेलीण डोळे पुसत होती.

“मावशी, विसरलात?”

“विसरते कशाला? हे घे.” तिने सगळा पाठ घडाघडा म्हणून दाखवला. “एकच गाव अडलं होतं. शोधत होते ना!”

“शेजारी विणकर होता की!”

“घरी अडलं तर कोण असतं गं शेजारी? आठवेपर्यंत सोडायचं नाही, हीच आजवरची सवय.”

प्रधानाच्या लेकीने कपाळावर हात मारला. आठवायचं कसं ते तिने शिकवलं होतं. सोडायचं कधी, ते शिकवलंच नव्हतं.

“महाराज, सूर्य अजून वर आहे!” ती म्हणाली, आणि राजाने मान डोलावताच तिने तेलिणीला परत बसवलं. “ऐका सगळे. अडलं की शोधत बसू नका. लगेच ‘पुढे’ म्हणा, पुढचा सांगेल.”

धनगर उसळला. “भर दरबारात हरलो म्हणू? त्यापेक्षा ह्या मिशाच उतरवतो की, ताई!”

बाकीचेही माना खाली घालून बसले. ऊन कलत चाललं. विणकर तर रागाने घरी गेला होता. प्रधानाची लेक त्याच्या जागी स्वतः बसली आणि पुढच्या धनगराकडून घाईघाईने पाठ शिकली.

ओळ पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. तेलीण न अडता पार पडली. पण विणकराच्या पाठात, एका गावाशी, प्रधानाची लेकच अडली.

सगळा दरबार तिच्याकडे पाहत होता. राजपाठकाचे डोळे चमकले. ‘एवढी शिकलेली मी! क्षणभर थांबले तर आठवेल,’ असं तिच्या मनात आलं. डोळे मिटू लागले.

मग तिने ते उघडले.

“मला आठवत नाही. पुढे!”

धनगर चमकून तिच्याकडे वळला. मग त्याने ते गाव सांगितलं आणि ओळ धावू लागली. थोड्याच वेळात तो स्वतः अडला. त्याने मिशीवरून हात फिरवला, खाकरला आणि गरजला, “पुढे!” शेजारच्या कासारणीने हसत हसत त्याचं गाव उचललं.

सूर्य टेकला तेव्हा शेवटचं गाव सांगून झालं होतं. बंधाऱ्याचं दार उघडलं. पाणी मुखाकडच्या शेतांतून वळलं आणि शेपटाकडच्या गावांत पहिल्यांदाच पाटभर पोचलं.

पुढे ती ओळ कायमची झाली. माणसं थकायची, बदलायची. एकाच घरची दोघं शेजारी बसवत नसत, कारण ताप आला की घरभर येतो. ओळ मात्र तुटली नाही.

काही वर्षांनी म्हातारा राजपाठक भर सभेत एका शिवेच्या खुणेशी अडला. त्याने डोळे मिटले आणि तो शोधत राहिला. त्याच्या शेजारी कुणीच नव्हतं. ती शीव कुणाला कधी कळली नाही.

तात्पर्य: एकट्याने चिकाटी धरावी; पण ओळीत बसल्यावर ‘मला येत नाही’ हे वेळेवर सांगावं.