‘श्री’ लिहून सोडलेलं पान

"...आणि त्या बाईनं काय विचारलं म्हणालास?"

इस्माईलबाबा होडीची दोरी सोडत होते. खाडीला भरती लागली होती. धक्क्यावरच्या झोपडीत राहणारा हा म्हातारा फकीर आल्यागेल्याला पलीकडे सोडायचा. कुणी अडलेला आला, तर त्याचं ऐकूनही घ्यायचा.

आज आला होता विश्राम शेट्ये, गावातला लोणच्याचा कारखानदार. हात लावील तिथं सोनं, असं लोक म्हणायचे. त्यालाही ते पटलेलं होतं. आता त्याला परदेशात कारखाना काढायचा होता. तिकडे स्वतःचं भांडवल घालून धंदा काढणाऱ्याला वेगळा व्हिसा देतात, पण आधी मुलाखत घेतात. पहिल्या खेपेला नकार आला होता. दुसरी मुलाखत उद्या, शहरात. ही गेली की दार बंद.

"मुलाखत घेणारी बाई म्हणाली, तुमचा धंदा तिथं चालला नाही तर काय कराल?"

"मग?"

"मी म्हटलं, बाई, शुभ बोला."

बाबा हसले. बोळकं तोंड भरून हसले.

"चुकलं काय माझं? चांगल्या कामाला निघताना असलं तोंडातून काढतात का? अर्जातही तसलंच एक पान आहे. अडचण आली तर काय करणार, ते लिहा म्हणे! आमच्या हिनं तर ते मला वाचूच दिलं नाही. मी वर ‘श्री’ लिहिलं, खाली कोरं सोडलं."

"या खेपेलाही?"

"या खेपेलाही." विश्रामची मान ताठ झाली. "माझा धंदा कधी बंद पडलेला नाही, बाबा. तुम्ही फक्त दुवा द्या. बाईला तो प्रश्न सुचू नये, एवढंच."



विश्रामनं आणलेला नारळ बाबांनी जपून होडीत ठेवला. मग वाकून फळीखालचं गंजकं डबडं काढलं. पाणी शिरलंच तर उपसायला असावं म्हणून ठेवलेलं. ते त्यांनी धक्क्यावर ठेवून दिलं.

"चल शेट, बस."

विश्रामनं एक पाय होडीत टाकला आणि थबकला. खाडीकाठी जन्मूनही त्याला पोहता येत नव्हतं.

"बाबा, डबडं राहिलं."

"राहू दे."

"होडी गळते का?"

"छे. इतक्या वर्षांत थेंब आला नाही आत."

"तरी पण..."

"चांगल्या कामाला निघालास ना? मग तसली वस्तू सोबत कशाला?"

विश्राम तसाच उभा. एक पाय होडीत, एक धक्क्यावर. खाली पाणी चुबुक चुबुक वाजत होतं...

बाबांना घाई नव्हती.

शेवटी तो मुकाट्यानं मागं वळला. डबडं उचललं, नारळाशेजारी नेऊन ठेवलं आणि बसला.

होडी धक्क्यापासून सुटली. जरा वेळानं विश्रामनं पिशवीतून अर्जाचे कागद काढले. ते पान शोधून मांडीवर घेतलं. पेन उघडलं. हात मात्र पुढं सरकेना.

"बाबा... अपशकुन तर नाही ना व्हायचा?"

बाबांनी एक वल्हं मारलं. मग दुसरं.

"‘श्री’ वर आहेच की, बाळा. तू खाली लिही."