वरचा दोर

"…पण गेलं हे कळणार कसं, माय? माणसाचं मीपण गेलं, याची खूण काय?"

सोनामाय तलावाच्या बांधावर, पारीवर बसून कैऱ्या चिरत होती. तिनं मान वर केली नाही.

केवळराम थांबला. मग त्यानं तोच प्रश्न जरा सजवून पुन्हा विचारला.

माय कोय बाजूला टाकत राहिली…

चैत्र सरत आला होता. तलाव एवढा मोठा की पलीकडचा काठ धुरकट रेघेसारखा दिसे. उन्हानं पाणी मागं सरकलं होतं आणि पारीखाली चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडला होता. त्यावर बगळे बसले होते.

केवळराम हा त्या भागातला नावाजलेला प्रवचनकार. अहंकार कसा सोडावा, हे त्याच्यासारखं कुणी सांगत नसे. गावोगावची माणसं ऐकताना डोळे पुसत, आणि उठताना त्याच्या पाया पडत. माणसं वाकली की तो पाय मागं घेई. पण फार मागं नाही.

सोनामाय त्याची गुरू. ती याच मासे धरणाऱ्या ढिवरांच्या वस्तीतली. तरुणपणी नवरा गेला, तेव्हा साधूंच्या मेळ्यामागं निघून गेली होती. पुष्कळ वर्षांनी परतली आणि पारीवर झोपडी घालून राहिली. प्रवचन नाही, मठ नाही. लोक येत, जवळ बसत, हलके होऊन जात. केवळराम दर उन्हाळ्यात तिच्याकडं येई.

यंदा तो प्रश्न घेऊन आला होता खरा, पण उत्तरही सोबतच आणलं होतं. आपलं मीपण गेलं आहे, याबद्दल त्याला स्वतःला शंका उरली नव्हती. तेवढं मायच्या तोंडून ऐकायचं होतं.

खालून हाका ऐकू आल्या. डोंगे पाण्यात लोटले जात होते.

मायनं विळी आडवी केली आणि उठली. "फागोचं जाळं पडतंय. चल."

"माय, माझा प्रश्न…"

"तो कुठं पळतो? बसेल इथंच. चल तू."

फागो मारबत्याच्या पोरीचं, पारबताचं, दुसऱ्या दिवशी लग्न होतं. वरात तलावापलीकडच्या गावाहून यायची होती. सोयरीक जुळवताना फागोनं व्याह्याला हौसेनं सांगून ठेवलं होतं की आमच्याकडं पंगतीला कतला माशाचा रस्सा असतो, तसा तुम्ही कुठं खाल्ला नसेल. आणि नेमका ऊन तापल्यापासून मासा खोल पाण्यात जाऊन बसला होता. जाळं टाकावं आणि शेवाळ ओढून आणावं, असं चाललं होतं. घरात फागोची बायको लाखोळीच्या डाळीकडं बघून उसासे टाकत होती. आज मात्र सकाळीच कुणीतरी उथळ बाजूला माशांनी पाणी फिरताना पाहिलं होतं, आणि सारी वस्ती तलावात उतरली होती.

केवळराम काठावर उभा राहिला. अंगावर पांढरंशुभ्र धोतर, कपाळावर गंध. तोही ढिवराचाच मुलगा. बापाच्या डोंग्यात लहानाचा मोठा झालेला. पण बाप गेला, प्रवचनं सुरू झाली, आणि जाळ्याला हात लावणं सुटलं ते सुटलंच.

फागोनं त्याला पाहून हात जोडले. म्हणाला, महाराजांनी काठावरूनच आशीर्वाद द्यावा, सावलीत बसावं.

"सावलीत कशाला?" माय म्हणाली. "दोन हात आहेत त्याला."

मग धोतर खोचून उतरावंच लागलं. चिखल बोटांमधून वर आला तसं केवळरामचं तोंड वाकडं झालं.

जाळं लांबलचक होतं. डोंग्यांनी ते पाण्यात मोठं अर्धवर्तुळ घालून टाकलं होतं आणि दोन्ही टोकं काठावरची माणसं ओढत होती. जाळ्याच्या खालच्या दोराला दगडाचं वजन असतं, तो तळाशी बसतो. वरचा दोर मात्र माणसांनी उचलून धरायचा असतो. कारण जागा कमी होऊ लागली की मासा जाळ्यावरून उडी मारतो. त्या वरच्या दोरावर, ऐन वळणाजवळ, कमरेएवढ्या पाण्यात केवळरामला उभं केलं. शेजारी माय, लुगडं खोचून.

तिनं दोर त्याच्या छातीला लावून दिला. "असाच धर. काही झालं तरी खाली सोडू नको. कतला उडतो."

केवळराम मनात हसला. हे त्याला काय सांगायचं?

जाळं हळूहळू आत येऊ लागलं. माणसं तालात ओढत होती. पाणी कोमट, वारा मंद… आणि केवळरामला एकाएकी दृष्टांत सुचला. जाळं म्हणजे संसार. मासे म्हणजे वासना. दोर म्हणजे नाम, आणि तो छातीशी धरून अढळ उभा असलेला… तो म्हणजे साधक. वा. पुढच्या प्रवचनाची सुरुवातच इथून करायची. कुठं आवाज खाली आणायचा, कुठं थांबायचं, हेही त्यानं ठरवून टाकलं. थांबल्यावर पुढच्या रांगेतल्या बाया पदर डोळ्यांना लावतील, तेही त्याला दिसलं.

"केवळ, दोर," माय म्हणाली.

त्यानं दोर थोडा वर घेतला.

आतलं पाणी आता उकळी फुटल्यासारखं हलू लागलं. एक रोहू उसळला. मग दुसरा. काठावरच्या बाया टोपल्या घेऊन पुढं सरकल्या. फागोचा चेहरा उजळला; एवढा मासा त्यानं महिन्याभरात पाहिला नव्हता.

आणि मग केवळरामच्या अगदी समोर पाणी फाटलं.

कतला वर आला. दोन वर्षांच्या पोराएवढा, काळ्या पाठीचा, सबंध अंग उन्हात झळाळणारा. तो उडाला तो सरळ केवळरामच्या छातीवर.

केवळरामनं दोन्ही हातांनी त्याला मिठी मारली आणि मागच्या मागं पाण्यात गेला.

क्षणभर वर काहीच दिसेना…

मग तो उठला. डोक्यावर शेवाळ, कानात चिखल, गंध कुठल्या कुठं गेलेलं, आणि मिठीत तो मासा, शेपटीनं त्याच्या थोबाडावर फटाफट मारणारा. केवळरामचं तोंड कानांपर्यंत फाकलं होतं.

"धरला!" तो ओरडला. "बा, धरला!"

त्याचा बाप मरून कित्येक वर्षं झाली होती.

तो आवाज प्रवचनातला नव्हता. तो हसत होता, नाकातोंडातून पाणी गळत होतं, आणि मासा निसटू नये म्हणून तो त्याला हनुवटीखाली दाबून धरत होता.

दोर खाली गेला होता, हे सगळ्यांच्या ध्यानात आलं. त्याच्याच आलं नाही. कुंपणाची वई मोडली की शेळ्या एकामागून एक जातात, तसे त्या जागेवरून मासे निघून चालले होते. मायनं आपल्या बाजूनं दोर उचलायचा प्रयत्न केला, पण उशीर झाला होता. बघता बघता आतलं पाणी निवळलं. शांत झालं.

ओढणाऱ्यांचे हात थांबले.

मग केवळरामनं खाली पाहिलं… आणि त्याचं हसू विरलं.

फागो पलीकडं दोर धरून तसाच उभा होता. त्याच्या बायकोनं कपाळाला हात लावला. बगळेसुद्धा उडून गेले होते.

केवळराम चिखल तुडवत फागोपर्यंत गेला आणि मासा पुढं केला.

"फागोजी… हा…"

माशानं तेवढ्यात अंग झटकलं आणि एक शेपटी फागोच्याही गालावर बसली.

पारबता काठावर उभी होती. हळद लागलेली, म्हणून तिला पाण्यात उतरू दिलं नव्हतं. पहिल्यांदा हसली ती. पिवळा हात तोंडावर धरून, मग हात बाजूला करून, मग पोट धरून. फागोनं पोरीकडं पाहिलं. महाराजांच्या डोक्यावरच्या शेवाळाकडं पाहिलं. त्याचे खांदे हलू लागले. मग सबंध वस्तीच हसत सुटली, आणि त्या हसण्यात केवळरामही होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते कशाचं हे त्याला सांगता आलं नसतं.

हसणं ओसरल्यावर फागोनं गाल पुसला आणि डोंगेवाल्यांना सांगितलं की ऊन कलायच्या आत पुन्हा एकदा टाकू.

या खेपेला दोर केवळरामनं स्वतः मागून घेतला. वळणाचीच जागा घेतली. शेजारच्या माणसानं सहज विचारलं की महाराज, पेलेल ना. तो नुसता मान डोलवून पाण्याकडं बघत राहिला. दोरानं तळहात सोलले. कतले पुन्हा उडाले, एक त्याच्या कानाजवळून गेला, पण दोर छातीवरून हलला नाही.

गेलेले सगळे मासे काही परत आले नाहीत. पण टोपल्या भरल्या. बायांनी आपसांत अंदाज बांधला, वरातीला पुरून वस्तीलाही रस्सा मिळेल असा. केवळरामनं एक टोपली डोक्यावर घेऊन फागोच्या दारात नेऊन ठेवली. पारबतानं त्याला वाकून नमस्कार केला, तेव्हा त्याला पाय मागं घ्यायचं सुचलंच नाही. तो तिला विचारत होता की तो पहिला कतला कुणी चिरू नये, आधी सगळ्यांना दाखवावा, असं घरात सांगितलंस का.

मग तो तलावावर परत आला. माय काठाशी पाय पाण्यात सोडून बसली होती. तो शेजारी बसला. त्यानंही पाय सोडले.

वारा सुटला होता. फागोच्या अंगणातून सनईवाल्याची सूर लावून बघण्याची खटपट ऐकू येत होती.



"माय," केवळराम अखेर म्हणाला. आवाज अगदी हलका होता, जणू मोठ्यानं बोललं तर काहीतरी उडून जाईल. "मघाशी तो अंगावर आला ना… तेवढा वेळ मी नव्हतोच. होय ना?"

मायनं त्याच्या गालावर चिकटलेला एक खवला बोटानं काढला आणि पाण्यात सोडला.

"होतास की," ती म्हणाली. "आज पहिल्यांदा होतास."