गुहेची कडी

जनावरं माणसांसारखी बोलत आणि भांडतही, त्या काळची गोष्ट. एका जंगलात वणव्यापासून जीव वाचवायला एक गुहा होती. तिला सुतारपक्ष्यानं जाड दार आणि घट्ट कडी बसवली. कुठल्याही नव्या वस्तूला पहिला हात लावायचा मान अस्वलाचा, अशी तिथली रीत. अस्वलभाऊंनी कडी ओढली, दार उघडलं. "झकास!" ते म्हणाले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

चैत्रात वणवा पेटला. अस्वलभाऊ दूर मोहाखाली होते. दाराशी छोटी जनावरं आणि सगळी पिल्लं जमली, त्यांत त्यांचंही एक होतं. खारूताई कडीला लोंबकळली, सशानं दात लावले, अस्वलाच्या पिल्लानं रडत रडत ओढली. कडी हलेना. धूर नाकातोंडात जायला लागला, तेवढ्यात अस्वलभाऊ धापा टाकत पोचले. दार उघडलं आणि सगळे वाचले.

"चूक माझी," आग विझल्यावर सुतारपक्षी म्हणाला. "ज्याला सगळंच उघडतं, त्यालाच विचारत बसलो."

त्यानं नवी कडी बसवली. सवयीनं सगळे अस्वलाकडे बघू लागले. अस्वलभाऊ बाजूला सरकले. "आधी खारूताई."

खारूताईनं एका पंजानं कडी ओढली. दार उघडलं. तिनं ते लावून पुन्हा उघडलं, तेव्हा कुठे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

मग अस्वलभाऊंनीही उघडून पाहिलं.

"अरेच्चा!" मनगट चोळत ते हळूच म्हणाले, "जुनी कडी मलाही जडच जायची. पण पहिला मान माझा, मग सांगणार कुणाला?"