कण्यावरचा नाका

म्हशीच्या अंगावर पाच शहरं वसली होती, आणि ती म्हैस आहे हे त्या शहरांत कुणालाच ठाऊक नव्हतं. गोचिडांच्या लेखी ती जमीन होती. काळी, कोमट, पोटभर देणारी. मधोमध कणा. कण्याच्या डावीकडे एक राज्य, त्यात खांदेपूर, बरगडनगर आणि कासगाव. उजवीकडे दुसरं राज्य, त्यात कुशीगाव आणि मांडीपूर. तळं आटल्यापासून म्हैस गोठ्यातच बांधलेली असे. त्यामुळे शहरं अशी काही फुगली, की एकाची वेस कुठे संपते नि दुसऱ्याची कुठे लागते हे पुढाऱ्यांनाही सांगता येईना. तसं पुढाऱ्यांना बरंच काही सांगता येत नसे, ती गोष्ट वेगळी.

कणा मात्र जागच्या जागी होता आणि कण्यावर नाका होता. तिथे दोन नाकेदार पाठीला पाठ लावून बसत, डाव्यांचा धोंडजी आणि उजव्यांचा रावजी. पलीकडे जाणाऱ्याने ज्या बाजूने आला त्या बाजूचा एक केस तोंडात धरून आणायचा, तोच त्याचा दाखला. नाकेदार तो हुंगणार, मान हलवणार आणि मागच्या ढिगावर टाकणार. डाव्या केसाचा वास वेगळा, उजव्याचा वेगळा, असं दोन्हीकडच्या शाळांत पहिलीलाच शिकवत. ढीग आता नाक्याहून उंच झाला होता.

बरगडनगरची गजराबाई रोज दोनदा हा नाका ओलांडायची. राहायचं डावीकडे, कारण तिथे केस दाट, आडोसा बरा. रक्त प्यायला जायचं उजवीकडे कुशीगावात, कारण तिथली कातडी पातळ. निम्मं बरगडनगर असंच जगायचं. गजराबाईच्या घरी नातवंडं सात. त्यांची आई शेपटीच्या फटक्यात गेली, तेव्हापासून तीच त्यांची आई.

त्या दिवशी सकाळी कुशीगावात तोंड रुतवलं आणि तिला वास आला. चिखलाचा. गजराबाईने तोंड काढून घेतलं. ती एवढीशी होती तेव्हा असाच वास आला होता. मग डावीकडची जमीन खाली गेली होती आणि तिच्याबरोबर दोन शहरं. आता त्यांची नावंही कुणी घेत नव्हतं.

जमीन चालायला लागली होती. तळ्यात कालव्याचं पाणी सोडलंय, हे गोचिडांना कोण सांगणार?

ती उलट्या पावली नाक्यावर आली. उजवा केस आणायचं तिला भान होतं, म्हणून धोंडजीने सोडलं. सोडता सोडता म्हणाला, "आज अर्ध्या पोटी परत? दात पडले काय, मावशी?"

"जमीन बसणार आहे, धोंडजी. डावीकडे. वास घे."

धोंडजीने हुंगलं. "हा वास उजवीकडनं येतोय. त्यांनी बघायचं."

रावजी मागे न वळताच म्हणाला, "बसणार डावी, तर बघणार डावे. आम्हाला काय?"

घरी पोचून तिने सातही पिल्लं पाठीवर घेतली आणि आळीभर ओरडत निघाली. निम्मे हसले. तेवढ्यात जमीन कलली. कासगाव एका दमात पाण्याखाली गेलं. मग कुणी हसलं नाही. सगळं बरगडनगर आणि खांदेपूर कण्याकडे चढू लागलं, तोंडात आपापला केस धरून. खाली घरं बुडत होती आणि वर माणसासारखी शहाणी रांग लागली होती.

रांगेत गजराबाई तिसरी. रावजीने तिचा केस हुंगला. पुन्हा हुंगला.

"वास नाही."

"भिजलाय तो. वास कुठनं येणार?"

"मग कुठला म्हणू हा? ओला केस चालत नाही, मावशी. वाळवून आणा."

"आणि ही सात?"

"त्यांचे सात लागतील."

पाणी बरगड्यांच्या तिसऱ्या ओळीला आलं होतं. मागच्या मागे रांग आखूड होत होती. पाठीवरची धाकटी म्हणाली, "आज्जे, माझे पाय ओले झाले."

गजराबाईने खाली पाहिलं. कण्यावर तोंड लावायला दोन्ही राज्यांची मनाई होती. मालकी ठरली नव्हती ना. तिने रावजीच्या पायाशीच तोंड रुतवलं. "सगळे चावा," ती तोंड न काढताच म्हणाली, "नाहीतर बुडा." रांग चावली. धोंडजीही चावला, पण डाव्या अंगाला सरकून, नियमात.

जमीन थरारली, उठली. डावीकडचं पाणी खळखळ ओघळलं. मग चार पावलं खोलात जाऊन ती पुन्हा बसली, यावेळी सरळ, पोट चिखलात टेकवून. डावं राज्य परत पाण्यात गेलं आणि उजवंही गेलं. कुशीगावचे नि मांडीपूरचे जीव मुठीत धरून दुसऱ्या अंगाने वर आले. त्यांच्यात रावजीची बायकोही होती. धोंडजीने तिला थांबवलं आणि तिच्या तोंडातला ओला केस हुंगून म्हणाला, "वहिनी, वास नाही." रावजीला मान खाली घालावी लागली. नियम त्याचाच होता.

पाच शहरांतले वाचलेले सगळे आता एका कण्यावर होते, खेटून, एकमेकांच्या अंगावर. तेवढ्यात वरून सावली फिरली. एकदा, दोनदा. मग नाक्यावर दोन लांब काळे पाय उतरले. एक डाव्या राज्यात, एक उजव्या.

गजराबाईने दाखल्यांचा ढीग उचकटला आणि सातही पिल्लं आत ढकलली. मागून रावजीची बायको आली, तिलाही आत ओढलं. ज्याला जमलं तो शिरला. आत काळोख होता आणि सगळे केस काळे होते. धाकटीने एक हुंगला, दुसरा हुंगला आणि विचारलं, "आज्जे, यातले आपले कुठले?"

"गप पड," गजराबाई म्हणाली. मग फटीतून तोंड काढून तिने हाक मारली, "रावजी, आत या. धोंडजी, तू पण."

"कसे येऊ?" रावजी म्हणाला. "ह्याचा एक पाय तिकडे, एक पाय इकडे, आणि दाखला एकही नाही."

"विचारायलाच पाहिजे," धोंडजी म्हणाला.

आयुष्यात पहिल्यांदाच दोघे एका दिशेला तोंड करून चालत पुढे गेले आणि त्या पांढऱ्या पाहुण्यासमोर उभे राहिले. पाहुण्याने आपली लांब मान मोठ्या अदबीने त्यांच्यापर्यंत खाली आणली.