जिवंत माणसासाठी वाजलेला शंख

पूर्वी तगर नगरात यशोभद्र नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व विणकरांच्या कुळात जन्मले होते. त्या जन्मी त्यांचं नाव क्षेमक. विणकरांनी मिळून चालवलेली एक श्रेणी, म्हणजे धंद्याची संघटना, होती, आणि त्या श्रेणीचं कोठार क्षेमकांच्या ताब्यात होतं. कोठारात तांदूळ, तूप, तेल, गूळ, कोरं कापड आणि चंदनाचं लाकूड भरलेलं असे, आणि दाराशी एक शंख टांगलेला असे. श्रेणीतलं माणूस गेलं की कोठारी तो शंख फुंकी. मग कोठार उघडे. शिवाय घरटी एक पायली तांदूळ आणि एक गाडगं तूप मयताच्या दारी जाई आणि पाचशे पानांची पंगत उठे. मयताच्या दारी नेलेला शिधा परत आपल्या घरात आणणं अशुभ, म्हणून तो कुणी माघारी नेत नसे. विणकरांना या रीतीचा भारी अभिमान होता. आमच्यातला कफल्लकसुद्धा राजासारखा जातो, असं ते छाती फुगवून सांगत.

आणि जिवंत माणसाला काय? जिवंताला त्या कोठारातून चिमूटभर मीठ मिळत नसे. हे कोणत्या शहाण्यानं ठरवलं होतं कोण जाणे, पण कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

त्याच आळीत रेवत आणि सोणा हे जोडपं राहत होतं. रेवताच्या पोटात गाठ आली. वैद्य भला माणूस होता. त्यानं सोणेला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, हा दोन-तीन महिन्यांचा सोबती. औषधावर पैसा घालवू नकोस. दुखणं उतरेल एवढं तेल चोळ, दूध दे, मऊ भात दे, आणि एका कुशीवर फार वेळ पडू देऊ नकोस."

ऐकायला किती सोपं. पण दूध फुकट येत नाही, आणि ते दुखण्यावरचं तेल तर चांदीच्या मोलानं मिळे. बरं, ते मिळवायचं तर मागावर बसायला हवं, आणि मागावर बसावं तर नवरा आतून कण्हतो. सोणा चार धागे टाकी की उठे, त्याची कूस बदली, फडकी धुई, पुन्हा बसे तो पुन्हा हाक येई. महिन्याला दोन शेले उतरणाऱ्या मागावर अर्धा शेला उतरेना. आधी तिच्या पायांतले वाळे गेले, मग तांब्याची घागर गेली, मग दुभती शेळी गेली आणि तेच शेळीचं दूध ती शेजारून विकत घेऊ लागली. आता घरात विकण्यासारखी एकच वस्तू उरली होती, तो माग. श्रेणीचा नियम असा की ज्याच्या घरी माग नाही तो विणकर नाही. माग विकला तर रेवताचे उरलेले दिवस निभतील, पण त्याच्या माघारी सोणेला दुसऱ्यांच्या दारी भांडी घासावी लागतील. आणि नाही विकला तर त्यानं डोळ्यांदेखत तळमळत मरायचं. सोणा दिवसभर हाच हिशेब करी आणि तो कधी सुटत नसे.

आळीतली माणसं वाईट नव्हती म्हणे. भेटली की हळहळत. "काही लागलं तर सांग हो," म्हणत आणि ती तोंड उघडायच्या आत पुढे सटकत.

एके सकाळी श्रेणीचे प्रमुख गोभद्र तिच्या दारी आले. सगळे त्यांना थोरले म्हणत. सोणेला वाटलं, देव पावला. तिनं घाईनं पाट मांडला.

थोरल्यांनी रेवताकडे लांबूनच पाहिलं आणि विचारलं, "काय म्हणतो वैद्य? पुनवेच्या आत की नंतर?"

"काय पुनवेच्या आत?" सोणेनं विचारलं.

"तसं नव्हे गं. पुनवेला राजवाड्यात कापड द्यायचं आहे, माणसं अडकलेली असतील. पंगतीची तयारी आधी कळलेली बरी. आणि तुझ्या माहेरची किती येतील? पानं सांगायला हवीत." बोलता बोलता त्यांनी मागाच्या खांबावर बोटांनी टकटक केलं. "सागवान आहे वाटतं. विकायचा झाला तर परक्याला देऊ नकोस, आधी मला सांग."

रेवत डोळे मिटून पडला होता. तो झोपलेला नाही हे सोणेला ठाऊक होतं, कारण त्याचा हात घोंगडीची कड घट्ट धरून होता. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पण ती शांतपणे म्हणाली, "थोरले, पंगतीच्या पाचशे पानांतली दहा पानं आज द्या. तेवढ्यात त्यांचा महिना निघेल."

"वेडी का खुळी तू?" थोरले म्हणाले. "शंख वाजल्याशिवाय कोठार उघडत नाही. नियम काय माझ्या घरचा आहे?" आणि ते निघून गेले.

सोणा तशीच तरातरा कोठारावर गेली. क्षेमक तांदूळ निवडून घेत होते. रेवत आणि ते बरोबरीचे, एकाच गुरूकडे विणकाम शिकलेले. सोणेनं मागचापुढचा विचार केला नाही.

"भावजी, तुमचं कोठार बघायला आले," ती म्हणाली. "माझा नवरा मेला की हे सगळं त्याचं होणार, नाही का? तूप त्याचं, गूळ त्याचा. मग त्याचा गुन्हा तरी काय? अजून श्वास घेतो एवढाच? घरी जाऊन त्यांना सांगू का, जरा लवकर आटपा, इथं तुमचं ताट वाढून ठेवलं आहे म्हणून?"

क्षेमकांनी हातातलं सूप खाली ठेवलं. ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही मला बोललात ते कमीच आहे. रोज तुमच्या दारावरून जातो मी. इतके दिवस मी किल्ली सांभाळली, माणूस सांभाळला नाही."

त्याच दिवशी दुपारी कोठारासमोर श्रेणीची सभा होती. गोभद्र थकले होते आणि त्यांच्या जागी क्षेमकांना बसवायचं सगळ्यांच्या मनात होतं. प्रमुखाचं पागोटंसुद्धा तबकात आणून ठेवलं होतं. सोणा बायकांच्या बाजूला मागे उभी राहिली. क्षेमकांनी उठून रेवतासाठी शिधा मागितला. सभा कुजबुजली. कुणी म्हणालं, आज याला दिलं तर उद्या दहा जण उभे राहतील. कुणी म्हणालं, पूर्वजांनी काही विचार करूनच ठरवलं असेल. पूर्वजांचं नाव निघालं की माणसाला स्वतः विचार करावा लागत नाही, ही मोठी सोय असते.

थोरले समजुतीनं म्हणाले, "क्षेमका, गप बस. पागोटं तुझंच आहे. हात लांब केला की मिळेल."

क्षेमकांनी हात लांब केला तो शंखाकडे. सगळ्यांसमोर ते मोठ्यानं म्हणाले, "ऐका, मागाहून फसवलं म्हणू नका. रेवत जिवंत आहे. मी जिवंत माणसासाठी शंख फुंकतो आहे. त्याची शिक्षा असेल ती मला करा." आणि त्यांनी शंख फुंकला.

सभेतले लोक थिजले, पण आळीला सभेतलं काय ठाऊक? आळीनं शंख ऐकला. घराघरातून पायल्या आणि गाडगी निघाली. एरवी ज्यांना रेवताच्या दाराशी थांबायला सवड नव्हती, ती माणसं धावत निघाली. सोणा त्यांच्यापुढे पळत घरी पोचली. मागोमाग क्षेमक आले आणि दारात उभे राहिले. येईल त्याला ते सांगत, "रेवत गेलेला नाही. आत जा, त्याच्याशी बोला."

पहिली म्हातारी शिधा घेऊन आत गेली. रेवतानं डोळे उघडून "मावशी" म्हटलं, तशी ती शिधा ठेवून त्याच्या उशाशी बसली. काही जण चिडले. परत जायला वळले, पण मयताच्या नावानं निघालेला शिधा घरात न्यायचा कसा? ओट्यावर तांदळाची रास लागली. आत दाटी झाली. लाज कुणाला वाटली, कुणाला नाही, ते ज्याचं त्याला ठाऊक. पण खाली मान घालून का होईना, प्रत्येक जण रेवताच्या अंथरुणाशी थांबला.

रेवत सगळ्यांकडे पाहत राहिला. मग बायकोला म्हणाला, "सोणे, किती माणसं आली बघ. मी मेल्यावर आली असती तर मला दिसली नसती."

इतके दिवस सोणा रडली नव्हती. तेव्हा मात्र ती सगळ्यांसमोर रडली आणि तिनं कुणाची पर्वा केली नाही.

श्रेणीनं क्षेमकांची किल्ली काढून घेतली. पागोटं दुसऱ्याच्या डोक्यावर गेलं. पुढे आयुष्यभर ते साध्या विणकरासारखे शेवटच्या ओळीत बसले. त्याबद्दल त्यांनी कधी कुरकूर केली नाही. जास्तीचे तांदूळ आणि तूप विकून दूध आणि दुखण्यावरचं तेल आलं, आणि सोणेचा माग वाचला. क्षेमकांची बायको आणि ती पहिली म्हातारी आळीपाळीनं रेवतापाशी बसू लागल्या, आणि सोणा पुन्हा विणू लागली.

रेवत चाळीस दिवस जगला. दूध, मऊ भात आणि तेल, यांतलं त्याला काही कमी पडलं नाही. एका दुपारी मागाचा आवाज ऐकता ऐकता तो गेला.

थोरले दारी आले आणि म्हणाले, "बाई, आधीच सांगतो, याच्या नावाचा शंख एकदा वाजला आहे. कोठार आता उघडणार नाही. पंगत होणार नाही."

सोणा म्हणाली, "नकोच, थोरले. ज्याचं जेवण होतं तो जेवून गेला."

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, श्रावस्तीत एका घरी सांगितली. तिथला गृहपती आपल्या मृत भावासाठी भिक्षुसंघाला मोठं भोजन देत होता. भाऊ सहा महिने अंथरुणावर होता, तेव्हा हा एकदाही त्याच्याकडे फिरकला नव्हता. भावाची विधवा स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. शास्ते म्हणाले, "गृहपती, त्या वेळचा गोभद्र तू होतास. सोणा म्हणजे ही दारातली तुझी भावजय. रेवत म्हणजे हिचा नवरा, तुझा भाऊ. आणि कोठारी क्षेमक तो मीच." गृहपतीच्या हातातली पळी खाली आली. शास्ते पुढे म्हणाले, "दान पुष्कळ जण करतात. घेणारा जिवंत असताना, त्याला गरज असताना दिलेलं ते कालदान, वेळेवरचं दान. त्याची सर कशालाच येत नाही. आता आधी हिला जेवायला वाढ, मग आम्हाला वाढ."